सुपा जलाशय : पाण्यात उतरण्यापूर्वी

शनिवार-रविवार जोडून सुटी आली की गोव्यातून अनेक गाड्या अनमोड घाट चढून ‘दांडेली’कडे निघतात. यातील बरेच पर्यटक प्रत्यक्षात दांडेली शहरात उतरतच नाहीत. राफ्टिंग, कयाकिंग, नौकाविहार यांसाठी ते ज्या ठिकाणी जातात, ते गणेशगुडी हे गाव उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सुपा धरणाच्या पायथ्याशी आहे. तेथून पोटोलीमार्गे उळवीकडे निघाले, की जंगलाच्या पोटात गुंद लागते. सुपारीच्या बागा, विखुरलेली घरे आणि अलीकडे वाढलेली घरगुती निवासव्यवस्था ही गुंदची ओळख. जलक्रीडेच्या गर्दीत न राहता रात्रीचा मुक्काम शांत ठिकाणी करू इच्छिणाऱ्यांना गणेशगुडीपेक्षा हा परिसर अधिक मानवतो.

काळी नदी जोयडा तालुक्यातच, डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे 184 किलोमीटरचा प्रवास करून कारवारजवळ समुद्राला मिळते. तिच्यावरील सुपा धरण 101 मीटर उंच आणि 332 मीटर लांब असून 1987 पासून कार्यान्वित आहे. साठवणक्षमता सुमारे 4,178 दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळजवळ 147 टीएमसी. गोव्याच्या दृष्टीने सांगायचे तर आपल्या साळावली धरणाच्या सुमारे 18 पट. एवढा मोठा जलाशय काठोकाठ भरण्याचे प्रसंग क्वचितच येतात.

पर्यटकाने येथे एक गोष्ट प्रथम समजून घेतली पाहिजे. हे सरोवर सहलीसाठी बांधलेले नाही. ते वीजनिर्मितीच्या साखळीतील पहिली कडी आहे. सुपा धरणाच्या पायथ्याशी 50 मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यातून सुटलेले पाणी खाली बोम्मनहळ्ळीच्या जलाशयात साठते, तेथून बोगद्यावाटे नागझरीच्या मोठ्या वीजगृहात जाते, पुढे कोडसळ्ळी आणि कद्रा येथे पुन्हा वीज निर्माण करते. कैगा अणुऊर्जा प्रकल्पही कद्राच्या पाण्यावर अवलंबून आहे. गणेशगुडीला ज्या प्रवाहात राफ्ट सोडले जातात, तो प्रवाह सुपा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याचा असतो. संच चालू असतील तर नदी भरून वाहते; बंद असतील तर खडक उघडे पडतात आणि राफ्टिंग होत नाही. हे वेळापत्रक पर्यटकांच्या सोयीने नव्हे, तर विजेच्या मागणीनुसार ठरते. पैसे आगाऊ भरूनही राफ्टिंग रद्द झाल्याची तक्रार अनेक जण करतात, तिचे मूळ बहुधा येथेच असते. म्हणून आरक्षण करतानाच पाणी न सुटल्यास रक्कम परत मिळणार का, हे विचारून घ्यावे.

यातूनच धोकाही उद्भवतो. विसर्ग सुरू झाला की पात्रातील पाणी झपाट्याने वाढते. उथळ, संथ दिसणाऱ्या पाण्यात दगडावर बसून छायाचित्रे काढणाऱ्यांना त्याची कल्पना नसते. आकाश निरभ्र आहे, पाऊस नाही, म्हणजे नदी वाढणार नाही, हा आडाखा धरणाखाली लागू पडत नाही. अनोळखी ठिकाणी स्वतःहून पात्रात उतरू नये, हे उत्तम. दांडेलीच्या बाजूला याच नदीत मगरींचा वावर आहे, तो मुद्दा आणखी वेगळा.

2022 साली क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसवलेला एक राफ्ट गणेशगुडीजवळच्या प्रवाहात संकटात सापडला. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरल्यानंतर प्रशासनाने या भागातील जलक्रीडा काही काळ थांबवल्या. तेव्हापासून नियमांची चर्चा पुष्कळ झाली. पण काठावर उभे असताना नियम पाळून घेणारे शेवटी आपणच असतो. राफ्टमध्ये किती जण बसणार, मार्गदर्शक सोबत आहे का, लाइफ जॅकेटचे सर्व पट्टे शाबूत आहेत का, लहान मुलाच्या मापाचे जॅकेट व शिरस्त्राण आहे का, एवढे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. उत्तरे टाळली जात असतील तर पैशांवर पाणी सोडून परतावे. फुगवट्याच्या बाजूला वेगळी काळजी हवी : पाणी ओसरते तेव्हा बुडालेल्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या जवळ येतात, त्यामुळे माहितगार नावाड्याशिवाय तेथे जाऊ नये. खुद्द धरणावर परवानगीवाचून प्रवेश मिळत नाही.

या पाण्याखाली सुपा नावाचे गाव आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील हे तालुक्याचे जुने ठाणे. तालुकाही त्याच नावाने ओळखला जाई. धरणाने ते बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले आणि अनेक विस्थापित कुटुंबे रामनगरला वसली. आपल्याकडे साळावलीचे पाणी आटले की कुर्डीची माणसे आपल्या देवळाच्या जागी जमतात. गोव्याच्या वाचकाला सुप्याचे दुःख समजावून सांगण्याची गरज नसावी. गोव्याहून जाताना रामनगर वाटेतच लागते. बहुतेक गाड्या तेथे चहासाठी थांबतात; दुकानदाराशी कोकणी-मराठीत दोन शब्द बोलले, तर बुडालेल्या घराची गोष्ट ऐकायला मिळू शकते.

गुंदचा परिसर काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. दांडेली अभयारण्य 1956 चे. ते आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, 2015 मध्ये त्याला नदीचे नाव मिळाले. गुंदपासून जवळच कानेरी नदीकाठी सिंथेरीचा प्रचंड एकसंध खडक आहे. पायऱ्या उतरून तो पाहावा. पाण्यात मात्र उतरू नये, कारण प्रवाहाने खडक आतून कोरलेला आहे. पुढे उळवीला बाराव्या शतकातील शरण चन्नबसवण्णांची समाधी आहे. माघातील जत्रेच्या दिवसांत तेथे भाविकांची मोठी गर्दी असते, तेव्हा निवासाची सोय आधीच करावी. पहाटे लवकर उठणाऱ्यांना धनेश पक्षी दिसण्याचा संभव बराच.

पणजीहून फोंडा, मोले, अनमोड, रामनगर, जगलबेटमार्गे गणेशगुडी सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. काणकोणकरांना सदाशिवगड, कद्रा, अणशी घाट, कुंभारवाडा हा रस्ता जवळचा पडतो. ऑक्टोबर ते मे हा जलक्रीडेचा हंगाम. पावसाळ्यात राफ्टिंग बंद असते आणि दोन्ही घाटांत दरडींचे भय असते. अनमोडच्या नाक्यावर गाड्यांची झडती होते. गोव्यातील मद्य कर्नाटकात नेण्यास मनाई आहे. पोटोलीपलीकडे मोबाईलचे जाळे विरळ असल्याने गुंदच्या यजमानांना पोहोचण्याची वेळ गणेशगुडीहूनच कळवावी आणि इंधन तत्पूर्वी भरून घ्यावे.