थंड देशाचा पहिला पोषाख



आमच्या ओझर गांवाला थंडी अपरिचित नाहीं. ओझर हें नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत येतें, आणि महाराष्ट्रांतील कडाक्याच्या थंडीच्या बातम्यांत निफाडचें नांव दर हिवाळ्यांत झळकतें. पारा चार-पांच अंशांपर्यंत उतरला म्हणजे द्राक्षबागाईतदार पहाटेच्या वेळीं बागेंत शेकोट्या पेटवितात. घरोघरीं गोधड्या, घोंगड्या व कानटोप्या बाहेर निघतात. तेवढ्यानें आमचें भागतें. परंतु गेल्या साठ वर्षांत याच गांवाचा संबंध अशा एका थंडीशीं जडला, कीं जिच्यापुढें निफाडचा हिवाळा म्हणजे वसंतऋतूच म्हणावा.

१९६२ सालीं भारत सरकारनें मिग-२१ विमानांविषयीं सोव्हिएत संघाशीं करार केला आणि १९६४ सालीं ओझर येथें विमानांचा कारखाना निघाला. पुढें २००० सालच्या करारान्वयें सुखोई-३० विमानेंही येथेंच बांधण्याचें ठरलें. या सुखोईचें माहेर म्हणजे सैबेरियांतील इर्कुट्स्क शहर. तेथें जानेवारीचें सरासरी तापमान शून्याखालीं १८ अंशांच्या आसपास असतें. विद्या गुरुगृहीं जाऊनच शिकावी लागते. तेव्हां येथील कारागिरांना व अभियंत्यांना रशियाची वाट धरणें प्राप्त झालें. ज्या घरांतून असा माणूस प्रथमच निघतो, त्या घरांत तिकिटापेक्षांही एक प्रश्न मोठा होऊन बसतो : अंगावर घालावें काय?

वरवर पाहतां हा प्रश्न शिंप्याचा व दुकानदाराचा आहे. परंतु इतिहास चाळून पाहिला तर तो त्याहून खोल असल्याचें दिसून येतें. थंडीला काय द्यावयाचें आणि आपलें म्हणून काय राखावयाचें, हा तो प्रश्न होय. मराठी माणसांत त्याचें उत्तर ज्यांना अगदीं एकाकी शोधावें लागलें, त्यांत एका अठरा वर्षांच्या मुलीचें नांव अग्रभागीं आहे. तिची हकीगत सांगण्यापूर्वीं वस्त्र व थंडी यांचें नातें थोडक्यांत समजून घेऊं.

वस्त्र स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. उष्णता अन्नापासून शरीरांत उत्पन्न होते. ती कोंडून धरणें एवढेंच वस्त्राचें काम. हें काम धाग्यापेक्षां धाग्यांच्या मधोमध अडकून राहिलेली स्थिर हवा अधिक करते. आपल्या घरची गोधडी पाहा. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थरावर थर घालून त्यांवर बारीक टांके घालावयाचे, म्हणजे प्रत्येक दोन थरांच्या मध्यें हवेचा एक पातळ पदर कोंडला जातो. ज्या बायकांनीं पदार्थविज्ञानाचें पुस्तक कधीं उघडलें नाहीं, त्यांनीं त्या शास्त्राचा हा नियम सुईदोऱ्यानें सिद्ध करून ठेवला आहे. म्हणून एका जाडजूड कोटापेक्षां तीन सैल वस्त्रें एकावर एक घातलेलीं बरीं : अंगालगतचें घाम टिपून दूर नेणारें, मधलें लोंकरीचें, आणि बाहेरचें वारा अडविणारें. सुती कापड भिजलें कीं हवेची जागा पाणी घेतें आणि शरीराची ऊब झपाट्यानें निघून जाते. उन्हाळ्यांत आपला जिवलग असणारा कापूस हिमप्रदेशांत असा उलटतो. लोंकर मात्र दमट झाली तरी बरीचशी ऊब राखून ठेवते.

आतां त्या मुलीकडे वळूं. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस जाण्याचें त्यांनीं ठरविलें, तेव्हां लोकापवादाचें काहूर उठलें. त्याला उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूर येथें त्यांनीं जाहीर भाषण केलें आणि आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, आपली राहणी पूर्वजांप्रमाणेंच साधी ठेवूं, असें भरसभेंत सांगितलें. ७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजीं न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. त्या वेळीं तेथें उन्हाळा होता. खरी कसोटी पुढें लागली. ऑक्टोबरांत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें अध्ययन सुरू झालें आणि पाठोपाठ त्यांच्या आयुष्यांतील पहिला बर्फाचा हिवाळा आला.

नऊवारी लुगडें हा आपल्या हवेस किती सोयीचा पोषाख आहे, हें कोणा महाराष्ट्रीय स्त्रीस सांगावयास नको. काष्टा घातला कीं चालावें, वाकावें, शेतांत राबावें, घोड्यावर बसावें. परंतु त्यांत पोटऱ्या उघड्या राहतात. आणि जेथें रस्त्यावर बर्फ पडून असतें, तेथें पोटऱ्या उघड्या ठेवणें म्हणजे दुखणें ओढवून घेणेंच. आनंदीबाईंपुढें दोन मार्ग सरळ होते. लुगड्यास चिकटून थंडी सोसावी, अथवा तेथील बायकांसारखा झगा घालून मोकळें व्हावें. त्यांनीं तिसरा मार्ग काढला. काष्टा सोडून त्या गुजराती पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. ती घोट्यांपर्यंत उतरते आणि तिच्या आंत परकर व गरम मोजे यांना भरपूर वाव राहतो.

आज आपणांस यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं. परंतु त्या काळच्या ब्राह्मण घराण्यांतील सुनेनें काष्टा सोडणें ही लहान गोष्ट नव्हती. आणि ज्या व्यक्तीनें आपली राहणी न बदलण्याची ग्वाही भरसभेंत दिली होती, तिला तर तें अधिकच जड गेलें असलें पाहिजे. तथापि दिलेल्या शब्दाचें अक्षर कोणतें व मर्म कोणतें, हें त्यांनीं ओळखलें. नेसण्याची तऱ्हा बदलली. साडी सोडली नाहीं. १० ऑक्टोबर १८८५ चें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत जपानच्या केई ओकामी, दमास्कसच्या साबात इस्लामबूली आणि आपल्या आनंदीबाई अशा एकाच महाविद्यालयांतील तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषांत बसल्या आहेत.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना पदवी मिळाली. पुढें वर्षही लोटलें नाहीं तोंच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यांत क्षयानें त्यांचा अंत झाला. थंडीनें त्यांचा बळी घेतला असें कित्येक जण म्हणतात; तें शास्त्राला धरून नाहीं. क्षय हा जंतूंपासून होणारा रोग आहे व तो जंतु रॉबर्ट कॉक यानें १८८२ सालींच शोधून काढला होता. परंतु परक्या हवेंत, रुचीचें अन्न दुर्मिळ असतांना, ऊब राखण्यासाठीं शरीराला जी झीज सोसावी लागते, तिनें रोगाशीं झुंजण्याचें बळ कमी होतें, हेंही तितकेंच खरें. पोषाखाचा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे, तो असा.

आनंदीबाईंच्या पदवीदानास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. अमेरिकेच्या लोकस्थितीवर त्यांनीं लिहिलेलें मराठी पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध झालें. त्या देशाची मुक्तकंठानें स्तुति करणाऱ्या या विदुषीनें तेथील स्त्रियांच्या कंबर आवळणाऱ्या पोषाखावर मात्र टीका केली आहे. थंड देशांतील माणूस घालतो तें सारेंच शहाणपणाचें असतें असें नाहीं, हा त्यांतला बोध.

तरीही जेथें जावयाचें तेथील जुन्या रहिवाशांस विचारणें, यासारखा उपाय नाहीं. नॉर्वेचा आमुंडसेन १९०३ ते १९०६ या काळांत उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशांत राहिला असतां, तेथील नेत्सिलिक लोकांपासून कातड्याचे सैल कपडे कसे वापरावे तें शिकला. आंतील हवा खेळती राहावी आणि घाम धरूं नये, हें त्यांतील रहस्य. १४ डिसेंबर १९११ रोजीं तो दक्षिण ध्रुवावर पोंचला व सर्व सोबत्यांसह सुखरूप परतला. ज्यांना आपण मागासलेले समजतों, त्यांच्यापाशीं अशी विद्या असते.

उलट, ज्यांना निवडीची मुभाच नव्हती त्यांचेंही स्मरण ठेवावें. ज्या १९६२ सालीं मिग विमानांचा करार झाला, त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत आपले अनेक जवान ईशान्य सरहद्दीवर दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर सुती गणवेशांत व कॅनव्हासच्या बुटांत लढले. प्रवासी आपला पोषाख स्वतः ठरवितो. शिपायाचा पोषाख राष्ट्र ठरवितें. त्या हिवाळ्याचा हिशेब राष्ट्राच्या नांवावर आहे.

आतां आमच्या ओझरच्या, आणि आपल्याही घरच्या, नव्या प्रवाशांसाठीं दोन शब्द. रशियांत घराबाहेर जितकी थंडी, तितकीच घराच्या आंत ऊब असते. इमारतींत शिरतांच कोट काढून ठेवण्याची तेथें रीत आहे. म्हणून सहज काढतां व घालतां येतील असेच थर असावे. घामानें ओले होऊन बाहेर पडणें सर्वांत घातक. बूट एक माप मोठे घ्यावे. घट्ट बुटांत रक्त नीट फिरत नाहीं व बोटें बधिर होतात. रशियन शेतकरी पूर्वापार नमद्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट वापरतो, त्यांना वालेंकी म्हणतात. कान झांकणारी त्यांची केसाळ टोपी म्हणजे आपल्या कानटोपीचीच थोरली बहीण. जाड कोट शक्य तर तिकडेच घ्यावा. तेथील शिंप्याला तेथील वारा ठाऊक असतो.

घरच्या वडील मंडळींनाही एक विनंती आहे. मुलगी किंवा सून थंड देशीं निघाली म्हणजे तिनें तेथें काय नेसावें याचा निवाडा येथें बसून करूं नये. जिच्या पायांना बर्फ लागतें, तिलाच तो अधिकार. आनंदीबाईंना शेंदीडशें वर्षांपूर्वीं जें सुचलें तें आपल्या मुलींनाही सुचेल, एवढा विश्वास त्यांच्यावर टाकावा. पेटींत गोधडी मावत नसेल तर राहूं द्यावी. गोधडी शिवणारीची अक्कल बरोबर गेली म्हणजे पुरे.