न वाजवता घेतलेलं मडकं

गेल्या महिन्यात एक खोकं परत आलं. आमच्या दुकानातून गेलेला एक रंधा गिऱ्हाइकाने दारातूनच 'नको' म्हणून माघारी पाठवला होता. निदान कागदावर तरी असंच लिहिलेलं होतं. खोकं उचललं तेव्हा वजन बरोबर वाटलं. उघडलं तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी वीट! गुंडाळणारा हौशी असावा, कागदाचे कोपरेसुद्धा नीट दुमडलेले होते. रंधा वाटेत कुठे उतरला ते परमेश्वरालाच ठाऊक.

नातेवाइकांना माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. माहुलच्या एका खोलीतून आम्ही सुतारकामाची आणि धार लावायची हत्यारं ऑनलाइन विकतो. रंधे, पटाश्या, करवती, कानशी, धारेचे दगड, ग्राइंडिंगची चाकं. दुकान म्हणजे वेबसाइट, गोदाम म्हणजे लोखंडी मांडणी आणि पॅकिंग खातं म्हणजे बायको.

वीट पाहून मेहुणा म्हणाला, "भाऊजी, ते सीओडी आधी बंद करा. पैसे पहिले, माल नंतर. जग कुठे चाललंय!"

बोलणं व्यवहाराचं होतं. पण आमची बरीचशी गिऱ्हाइकं गावाकडची सुतारमंडळी आहेत. माल हातात आल्याशिवाय पैसे द्यायला ती तयार नसतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. तेव्हा चिडायच्या आधी म्हटलं बघू तरी, न पाहिलेली वस्तू दूरच्या माणसाकडून घ्यायची ही भानगड पूर्वी लोक कशी निभावायचे. बघता बघता रविवार गेला, मग दुसराही गेला. जे सापडलं ते इथे मांडतो.

माहुल म्हटलं की आता लोकांना रिफायनरी आठवते, नाहीतर शिवडी-माहुलच्या चिखलातले फ्लेमिंगो. बर्मा-शेलची रिफायनरी इथे १९५५ साली सुरू झाली. १९७६ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली, तीच आजची भारत पेट्रोलियम. पण गाव त्याच्या कितीतरी आधीपासून कोळ्यांचं, आणि कोळी म्हटले की होड्या आल्या, होड्या म्हटल्या की सुतार आले. माझे आजोबा त्यातलेच. हत्यार घेताना ते एक साधी गोष्ट करायचे. जुनी कानस पात्याच्या कडेवर ओढायची. कानस घसरली तर पातं कडक, कानशीने धातू खाल्ला तर पातं मऊ. आजी मडकं घेताना बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायची, त्यातलाच हा प्रकार.

हत्याराची मुळात अडचणच ही आहे. चांगली पटाशी आणि वाईट पटाशी दिसायला सारखीच. लोखंडाला पाणी नीट दिलंय की नाही हे लाकडावर घाव घातल्यावरच कळतं, आणि घाव घातला की ती 'वापरलेली' झाली. म्हणजे घेणारा नेहमी थोडा अंधारात पैसे मोजतो.

गावगाड्यात हा अंधार फारसा नव्हता. सुतार आणि लोहार दोघेही बलुतेदार. वाकस किंवा पटाशी घडवणारा लोहार चार घरं टाकून राहणारा, आणि मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने. त्या व्यवस्थेचे दोष, त्यातला जातीचा जाच मी विसरलेलो नाही, ती परत यावी असंही मला मुळीच वाटत नाही. पण हत्याराच्या बाबतीत एक सोय होती. धार दुमडली तर लोहार उद्याही तिथेच होता. मोबदला आधी नव्हता, काम झाल्यावर होता.

गाव सुटलं, आगगाडी आली, मुंबईतला माल पाचशे मैलांवर जायला लागला, तेव्हा प्रश्न पडला की आधी कोणी विश्वास ठेवायचा. आपल्याकडे याचं उत्तर पोस्टाने दिलं. १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू झालं, आपल्या आईवडिलांच्या तोंडचं 'व्हीपी'. पार्सल पोस्टमन घेऊन येणार, पैसे मोजले की हातात देणार आणि ते पैसे पाठवणाऱ्याला पोचवणार. पुस्तकं, औषधं, घड्याळं, बियाणं, काय काय त्या वाटेने गेलं असेल!

पण त्यातही एक गोम होती. पैसे दिल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे. म्हणजे वीट निघायची ती पैसे गेल्यावरच. उलट बाजूने, कोणी न मागवलेलं पार्सल एखाद्याच्या नावावर पाठवून पैसे उकळण्याचीही सोय होती. (माझी वीट काही इतिहासातली पहिली नव्हे, हे कळून थोडं बरं वाटलं.)

आता खरी मौज पुढे आहे. १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा मी पहिल्यांदाच वाचला. त्यात व्हीपीसाठी दोन गोष्टी नियमांनी करता येतील असं म्हटलं होतं. एक, ही वस्तू खरोखर आलेल्या मागणीप्रमाणेच पाठवत आहे असं पाठवणाऱ्याने लिहून द्यायचं. दुसरी, फसवणूक झाली असेल तर वसूल केलेले पैसे पोस्टाने अडवून ठेवायचे आणि घेणाऱ्याला परत करायचे. तो कायदा आता गेला, त्याच्या जागी २०२३ चा आला. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुण्या कारकुनाने ओळखलं होतं की नुसता पोस्टमन मधे उभा करून भागत नाही. मागणी खरी हवी, आणि पैसे परत यायची वाट उघडी हवी.

आपल्या माणसांतलं उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे हे गृहस्थ नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रं केली आणि मग लोखंडी नांगर केला. तो नांगर घ्यायला कोणी तयार होईना. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. ही गोष्ट आपण शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून ऐकतो. पण विचार करा, वर्षाचं पीक ज्याच्यावर अवलंबून आहे ते हत्यार एका अनोळखी माणसाच्या शब्दावर कसं घ्यायचं? बुडालं तर मास्तरांचा नांगर बुडणार, शेतकऱ्याचं मात्र वर्ष.

१९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. पुढे ते मोठं मासिक झालं, पण सुरुवात कारखान्याच्या मालाची माहिती देणारं पत्रक अशीच होती. मला त्यात एवढंच दिसतं की नांगर विकून हा माणूस गप्प बसला नाही, तो घेणाऱ्याशी बोलत राहिला.

आता माहुलला परत येतो. आमच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिलं की घारापुरी दिसते, तिच्या पलीकडे उरणचं मोरा बंदर. महायुद्ध चालू असताना, १९४१ साली, तिथे पारशी उद्योजकांनी ग्राइंडिंग व्हील बनवायला सुरुवात केली. तीच पुढे अमेरिकेतल्या नॉर्टन कंपनीशी जोडली जाऊन ग्राइंडवेल नॉर्टन झाली. १९९० मध्ये नॉर्टन कंपनी फ्रान्सच्या सेंट-गोबेनकडे गेली. रस्त्यावरच्या धारवाल्याच्या सायकलीवर फिरणारं ते करडं चाक म्हणजे घरगुती वाटणारी वस्तू, पण तिच्यामागे केवढा इतिहास!

या चाकाची एक खुबी आहे. त्यात बारीक तडा असेल तर डोळ्यांना दिसत नाही, आणि तडा गेलेलं चाक जोरात फिरलं की फुटून तुकडे अंगावर येतात. म्हणून बसवण्याआधी कोरडं चाक बोटावर किंवा खिळ्यावर लटकवतात आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकतात. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर बाजूला. आजीचं मडकंच की हे! चाक पाठवण्याआधी मी ते वाजवतो. खोक्यात एक चिठ्ठीही टाकतो, की वाटेत आपटलेलं असू शकतं, तुम्हीही वाजवून पाहा, बद्द वाजलं तर बसवू नका, मला कळवा, दुसरं पाठवतो. दुकानातली ही एकच वस्तू जी गिऱ्हाईक आजही वाजवून घेऊ शकतं.

बाकीच्या वस्तूंसाठी मग संगणकाच्या जगाने काय केलं? आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं. त्याच वर्षी नेटस्केपने ब्राउझर आणि दुकान यांच्यातली वाट कुलूपबंद करायची सोय आणली, पुढे पत्त्याशेजारी दिसू लागलेलं ते कुलूप. लोकांना वाटतं कुलूप म्हणजे दुकान सज्जन. तसं नाही हो! कुलूप एवढंच सांगतं की तुमचा कार्ड नंबर वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडचा माणूस खोक्यात वीट भरतोय का, हे त्याला कुठून कळणार?

मग पुन्हा मधे कोणीतरी उभं करणं आलं. मुंबईत २००० साली बाझी डॉट कॉम निघालं, २००४ मध्ये ते ईबेने घेतलं. तिथे पैसापे नावाची सोय होती. घेणाऱ्याचे पैसे आधी मधल्याकडे जात आणि माल पाठवल्याशिवाय विकणाऱ्याला मिळत नसत. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डासाठी दुसरी खूण सक्तीची केली. २०१० मध्ये फ्लिपकार्टने सीओडी आणलं आणि सगळ्यांना केवढं नवल वाटलं! व्हीपीचं नातवंडच ते, फक्त पँट-शर्ट घालून आलेलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानदाराने गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर जवळ ठेवायचाच नाही असा नियम झाला. मला तो फार आवडला. जे आपल्याकडे नाहीच ते चोरीला कसं जाणार?

पण नातवंडाने आजोबांची एक गोष्ट घेतली नाही. मागणी खरी आहे का, हे विचारायची. आज कोणीही अंथरुणात पडल्या पडल्या बोट टेकवतो, रंधा मागवतो, सकाळी विसरतो. जायचा-यायचा खर्च दुकानदाराचा. माझं दुखणं सीओडी नव्हतंच, विचारायचं राहून गेलं हे होतं.

इथपर्यंत आलो तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. मग त्या १८९८ च्या दुसऱ्या गोष्टीकडे परत नजर गेली, पैसे परत यायच्या वाटेकडे, आणि दोन वर्षांपूर्वीचा एक फोन आठवला.

संगमेश्वरकडचे एक सुतार होते. आमच्याकडून घेतलेल्या पटाशीची धार सागावर पहिल्याच दिवशी दुमडली. त्यांनी फोटो पाठवला होता. मी माझ्याच वेबसाइटवरचा नियम त्यांना वाचून दाखवला. 'वापरलेला माल परत घेतला जाणार नाही.' ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. भांडलेसुद्धा नाहीत.

आता सांगा, पटाशी न वापरता तिची परीक्षा करायची कशी? त्यांनी तर मडकं एकदाच वाजवलं होतं. वीट पाठवणाऱ्यावर मी चार दिवस धुमसत होतो. त्यांच्या बाजूने पाहिलं तर वीट मीच पाठवली होती, आणि ती माझ्याही कागदात नीट गुंडाळलेली होती. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही लिहिलंय की सदोष माल परत घ्यायला विकणाऱ्याने नकार द्यायचा नाही. म्हणजे माझा नियम नुसता कोडगा नव्हता, चुकीचाही होता.

तर निकाल असा. सीओडी चालू राहील. प्रत्येक सीओडीला आधी फोन जाईल, मागणी खरी ना, आणि घराजवळची खूण काय. (पिनकोड देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच. १९७२ पासून त्या सहा आकड्यांनी पार्सल गावापर्यंत बिनचूक नेलं, पण 'वडाच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर' हे अजून विचारावंच लागतं.) पात्यांच्या बाबतीत 'वापरलेला माल' हा नियम काढून टाकला आहे. पहिल्या महिन्यात धार दुमडली किंवा तुकडा उडाला तर पातं बदलून मिळेल. यात चार जण फसवतील. फसवू देत. त्यांच्यासाठी बाकीच्यांना अंधारात ठेवणं मला जमणार नाही. मेहुणा "बघा बुवा" म्हणाला आहे.

त्या सुतारांना मी परवा फोन केला. ओळख द्यायला दोन मिनिटं लागली. चूक झाली म्हटलं, नवी पटाशी पाठवतो.

ते म्हणाले, "ती कधीच नीट झाली हो. इथल्या लोहाराने पुन्हा पाणी दिलं, आता लोण्यासारखी चालते. दुसरी नको मला. एक बारीक दाताची कानस असली तर पाठवा. पैसे पोस्टमनकडे देईन."

कानस काल गेली. पैसे घ्यायचे नाहीत असं चिठ्ठीत लिहिलंय. ते ऐकतील असं वाटत नाही.