कण्हेर : हयमारक ते दुभाजक

कण्हेरीचे संस्कृत नाव करवीर. अमरकोशात याच झाडाला प्रतिहास, शतप्रास, चण्डात आणि हयमारक अशीही नावे दिली आहेत. हयमारक म्हणजे घोड्याचा जीव घेणारी. सुश्रुतानेही मूळविषांच्या यादीत अश्वमार नोंदवला आहे. हे झाड विषारी आहे ही गोष्ट नावातच पक्की करून ठेवण्याइतकी जुनी आहे.

मराठी शब्दाची वाट मात्र सरळ नाही. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात करवीराचे ‘कणवीर’ होते, तर कर्णिकार या वेगळ्याच झाडाचे ‘कण्णेर’. ‘कण्हेर’ अर्थाने करवीराशी जुळते, उच्चाराने कर्णिकाराजवळ जाते. दोन शब्दांची सरमिसळ झाली असावी, असे मानायला जागा आहे. साताऱ्याजवळ वेण्णा नदीवरचे कण्हेर, कोरेगाव तालुक्यातले शिंदे घराण्याचे कण्हेरखेड आणि दक्षिणेला कोल्हापूरचे जुने नाव करवीर, अशी ही दोन्ही रूपे या टापूतल्या गावांच्या नावांत शेजारी नांदतात.

तांबडी कण्हेर देवाला वाहतात. पण प्राचीन काळी तिचा हार वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्याच्या गळ्यातही पडे. ‘मृच्छकटिक’ नाटकात चारुदत्त असाच हार घालून येतो. 

लिनियसने 1753 मध्ये कण्हेरीला ‘नेरियम ओलिअँडर’ हे शास्त्रीय नाव दिले. पुढे भारतातील सुवासिक कण्हेर वेगळी जात म्हणून नोंदली गेली. आता भूमध्य समुद्राकाठची आणि इकडची एकच मानतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही तिची भाऊबंद असली तरी अमेरिकेतून आलेली आणि तितकीच विषारी.

कण्हेरीचे पान हातात घेतले की तिच्या चिवटपणाचे कारण कळते. पाने तीन-तीनच्या चक्रात, भाल्याच्या पात्यासारखी, चामड्यागत जाड. मधली शीर ठळक आणि तिच्यापासून दोन्ही कडांकडे दाट, समांतर रेघा. खालच्या अंगाला बारीक खळगे असतात. श्वसनाची छिद्रे त्या खळग्यांत, लवेच्या आड दडलेली. उन्हात उडून जाणारे पाणी तिथेच बरेचसे अडते. शिवाय अंगातली ओलिअँड्रिनसारखी द्रव्ये हृदयाच्या स्नायूंतील सोडियम-पोटॅशियमची देवघेव बंद पाडतात, म्हणून जनावर तिला सहसा तोंड लावत नाही.

घोड्याला घातक ठरलेला हाच गुण रस्त्याला उपयोगी पडला. पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाल्यावर सातारा, कऱ्हाड, पेठ नाका या पट्ट्यातही दुभाजकात कण्हेर दिसू लागली. समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप ती अडवते, धूर सोसते आणि मोकाट गुरेही तिच्यापायी रस्त्याच्या मधोमध येत नाहीत. दुभाजकासाठी याहून शहाणी निवड क्वचितच सापडेल.

लागवडीला खटाटोप नाही. पावसाच्या तोंडावर पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी निम्मी मातीत खोचली की महिन्याभरात मुळे धरते. माण, आटपाडी, जतच्या मुरमाड माळावर पहिले एक-दोन उन्हाळे पाणी दिले तरी पुरते. वाळवा, पलूस, मिरजेकडच्या क्षारपड जमिनीतही ती तग धरते. पाणी साचणारी चोपण जमीन असेल तर वरंब्यावर लावावी. ऊन मात्र भरपूर हवे. सावलीत झाड उंच सुटते आणि फुले कमी येतात. फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याला धरते, म्हणून बहर ओसरल्यावर फांद्या तिसऱ्या हिश्श्याने छाटतात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो. फुलपाखराच्या अळ्या पाने कुरतडतात, त्यांना राहू द्यावे. पुढे पानाखाली चांदीसारखा चकाकणारा कोष लटकलेला दिसतो.

छाटणी हातमोजे घालून करावी आणि नंतर हात धुवावेत. छाटलेला पाला गोठ्याजवळ किंवा पाणवठ्याकाठी टाकत नाहीत, कारण वाळल्यावरही विष तसेच राहते. काड्या चुलीतही घालत नाहीत, धूर बाधतो. त्या खोल खड्ड्यात पुरणे बरे.