घनतेकडून विकराकडे : दूध-परीक्षणाच्या पद्धतींचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पुण्याकडून मुंबईकडे येणारा द्रुतगती मार्ग कळंबोलीजवळ संपतो आणि तेथून वाहने शीव-पनवेल महामार्गाने शहराकडे जातात. पश्चिम महाराष्ट्रातून येणाऱ्या दुधाच्या टँकरांचीही हीच वाट आहे. उत्पादक व ग्राहक यांच्यात असे अंतर पडले की दुधाची प्रत उपकरणाच्या साक्षीवर ठरू लागते. ही साक्ष ज्या गुणधर्मावर आधारलेली असते, त्यानुसार भेसळीचे स्वरूपही बदलत जाते. प्रस्तुत निबंधात या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

घनता व नत्र

मुंबईतील म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवून नागरिकांना निर्भेळ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा संमत झाला. त्या काळातील मुख्य भेसळ पाण्याची होती. पाण्यामुळे दुधाची घनता कमी होते व दुग्धमापीवर ती तत्काळ दिसते. पुढे स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांवर दर ठरू लागला. महाराष्ट्रात गायीच्या दुधासाठी ३.५ व ८.५ टक्के हे प्रमाण रूढ झाले. पाणी घातलेल्या दुधात युरिया मिसळल्यास घनपदार्थांची तूट भरून निघाल्याचा भास होतो. शिवाय १८८३ च्या केल्डाल पद्धतीत प्रथिने एकूण नत्रावरून मोजली जातात. युरियातील नत्र त्यात प्रथिन म्हणूनच गणले जाते. चीनमध्ये २००८ साली मेलामाइनने याच उणिवेचा फायदा घेतला. तेथे सहा बालके दगावली व सुमारे तीन लाख आजारी पडली.

वनस्पतिज विकराचा उपयोग

युरियाचा नेमका शोध घेण्याचे साधन वनस्पतींच्या बियांत होते. १९२६ साली जेम्स समनर यांनी अबईच्या प्रजातीतील जॅक बीनपासून युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले; या कार्यासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. युरिएज युरियाचे विघटन करून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड निर्माण करते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने सुचविलेली घरगुती चाचणी याच तत्त्वावर आधारित आहे. दुधात सोयाबीन अथवा तुरीची पूड ढवळून पाच मिनिटांनी लाल लिटमस बुडविल्यास, युरिया असेल तर तो निळा होतो.

तथापि या चाचणीस एक मर्यादा आहे. गायीच्या यकृतात तयार झालेला युरिया दुधात निसर्गतःच उतरतो; म्हणून प्राधिकरणाने १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरविली आहे. त्यामुळे युरियाचे केवळ अस्तित्व हा भेसळीचा पुरावा ठरत नाही, त्याचे प्रमाण मोजावे लागते. प्रत्येक नमुन्यास नवे विकर वापरणे खर्चिक असल्याने स्थिरीकरणाचे महत्त्व येथे स्पष्ट होते. १९१६ साली नेल्सन व ग्रिफिन यांनी कोळशावर धरून ठेवलेले इन्व्हर्टेज कार्यक्षम राहते, असे दाखविले. १९६९ मध्ये गिलबॉल्ट व मोंटाल्व्हो यांनी युरिएज जेलमध्ये बद्ध करून अमोनियम आयन मोजणाऱ्या विद्युदग्रावर बसविले. काशी हिंदू विश्वविद्यालयात अरविंद कायस्थ व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तुरीतील युरिएज कॅल्शियम अल्जिनेटच्या मण्यांत स्थिर केले. असे विकर गाळून, धुऊन पुन्हा वापरता येते.

समारोप

दुग्धमापी दुधाचा केवळ जडपणा सांगते, तर स्थिरीकृत युरिएज एका विशिष्ट पदार्थाचे प्रमाण सांगू शकते. मात्र त्याची साक्ष युरियापुरतीच असते. मेलामाइन, साखर वा मीठ त्यास ओळखता येत नाही. म्हणून ही चाचणी जुन्या कसोट्यांना पर्याय नसून पूरक आहे. तिचे खरे मोल संकलन केंद्रावर आहे. टँकरमध्ये अनेक गावांचे दूध एकत्र झाल्यावर दोषी कोण हे सांगता येत नाही आणि त्याचा भार प्रामाणिक उत्पादकावरही पडतो. स्वस्त, पुन्हा वापरता येणारी व प्रमाण सांगणारी चाचणी गावपातळीवर पोहोचल्यास ग्राहकाइतकेच त्या उत्पादकाचेही संरक्षण होईल.