कार्बन टेट्राक्लोराइड

कार्बन टेट्राक्लोराइड : रंगहीन, जड, गोडसर वासाचा व बाष्पनशील द्रव. याच्या रेणूत कार्बनाच्या एका अणूला क्लोरिनाचे चार अणू जोडलेले असतात. उकळबिंदू सु. ७६·७° से.; वि. गु. सु. १·५९. हा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेल, चरबी व मेण मात्र सहज विरघळवितो आणि पेट घेत नाही. या गुणांमुळे तो उद्योगांत लोकप्रिय झाला.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री व्हिक्टर रेन्यो यांनी १८३९ मध्ये क्लोरोफॉर्मावर क्लोरिनाची विक्रिया करून तो प्रथम तयार केला. व्यापारी उत्पादन आरंभी कार्बन डायसल्फाइडापासून व पुढे मिथेनाच्या क्लोरिनीकरणाने होऊ लागले. निर्जल धुलाई, धातूंवरील ग्रीज काढणे, अग्निशामके व प्रशीतकांची निर्मिती यांत त्याचा वापर झाला. १९२१ मध्ये मॉरिस हॉल यांनी अंकुशकृमींवरील औषध म्हणून त्याचा पुरस्कार केला. १९२५ मध्ये त्यांनीच सुचविलेल्या टेट्राक्लोरोएथिलिनाने पुढे त्याची जागा घेतली. भारतात एथिलीन डायक्लोराइडाबरोबर त्याचे मिश्रण साठविलेल्या धान्याला धुरी देण्यासाठी वापरीत. कापडावरील तेलाचे डागही त्याने काढीत. त्यामुळे भिवंडी, इचलकरंजी व मालेगाव ही यंत्रमागांची मोठी केंद्रे असलेल्या महाराष्ट्रात त्याच्या धोक्यांना विशेष महत्त्व होते.

याची वाफ हवेच्या पाचपटींहून अधिक जड असल्याने बंदिस्त खोलीत जमिनीलगत साचते. ती श्वासावाटे व द्रव त्वचेवाटे शरीरात शिरतो. यकृतात त्याचे विघटन होऊन निर्माण होणारे अतिक्रियाशील मूलक कोशिकांचा नाश करतात. मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. मद्यपान करणाऱ्यास धोका अधिक असतो. तप्त धातूशी संपर्क आल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होतो. म्हणून आग विझविण्याचे हे साधनच घातक ठरले. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अशा हॅलोजनयुक्त हायड्रोकार्बनांची विषबाधा कळविणे बंधनकारक होते.

हा पदार्थ ओझोन थराचाही नाश करतो. १९८७ च्या माँट्रिऑल करारात १९९० मध्ये लंडन येथे झालेल्या दुरुस्तीने त्यावर नियंत्रण आले. भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला व २००० मध्ये यासंबंधीचे नियम करण्यात आले. विकसनशील देशांसाठी ठरलेल्या मुदतीनुसार २०१० पासून विद्रावक म्हणून होणारा वापर बंद झाला. इतर रसायनांचा कच्चा माल म्हणून मात्र तो आजही वापरला जातो. पर्यायी विद्रावकांपैकी ट्रायक्लोरोएथिलीनही कर्ककारक ठरल्याने, न पेटणारा द्रव सुरक्षित असतोच असे नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.