जुने हिमयंत्र घेताना

घडियाळी पोळेत हिम उपसण्याच्या यंत्राविषयी बोलणे कोणाला विनोदाचे वाटेल. बडोद्यात बर्फ भेटतो तो उन्हाळ्यात, गोळ्याच्या गाडीवर. परंतु येथील मराठी घरांतून कितीतरी मुले कॅनडात व अमेरिकेत गेली आहेत, आणि हिवाळ्यात तेथे दारापुढे गुडघाभर हिम साचते. नवे यंत्र महाग, म्हणून पुष्कळजण वापरलेले घेतात. घेणाराने आधी त्याचा इतिहास ऐकावा.

त्याचा आरंभ आगगाडीपासून होतो. टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी १८६९ मध्ये रुळांवरील हिम फिरत्या चाकाने दूर फेकण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. प्रत्यक्ष यंत्र मात्र त्यांच्या हातून झाले नाही. पुढे ऑरेंज जल यांनी त्या कल्पनेत सुधारणा केली, लेस्ली बंधूंनी यंत्र बांधले आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात टोरांटोजवळ त्याची परीक्षा झाली.

रस्त्यावरचे यंत्र केले ते आर्थर सिकार्ड यांनी. मॉन्ट्रियलजवळच्या शेतकरी कुटुंबात १८७६ मध्ये त्यांचा जन्म झाला. शेतावरचे मळणी यंत्र पीक आत ओढते आणि भुसा दूर उडवते, हे पाहून त्यांना वाटले, हिमाचेही असेच का होऊ नये? १९२५ मध्ये त्यांचे यंत्र सिद्ध झाले. १९२७ मध्ये मॉन्ट्रियलशेजारच्या उत्रमाँ नगराने ते विकत घेतले. घरोघरची, हाताने चालवायची यंत्रे त्यानंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरली.

मळणी यंत्राचा वारसा आजही त्यात आहे. पुढचे मळसूत्री पाते हिम ओढते, मागचा पंखा ते फेकतो. पात्याला दांड्याशी जोडणारा एक स्वस्त, मऊ खिळा असतो. त्याला शिअर पिन म्हणतात. पात्यात दगड सापडला की तो स्वतः तुटतो आणि महागड्या गिअरपेटीला वाचवतो. तुटण्यासाठीच घडवलेला हा खिळा! त्याच्या जागी आधीच्या मालकाने कठीण पोलादी बोल्ट ठोकला असेल, तर पुढचा धक्का गिअरपेटीनेच सोसलेला असण्याचा संभव आहे. म्हणून प्रथम तेथेच पाहावे. मग गिअरपेटीतून तेल झिरपते का आणि पट्टा भेगाळला आहे का, हे तपासावे. इंजिन थंड असतानाच चालू करावयास सांगावे. तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते.

निगा थोडीच, पण नेमाची हवी. हिवाळा संपला की टाकीतील व कार्ब्युरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे. महिनोन् महिने राहिलेले पेट्रोल चिकट होऊन वाट बुजवते. बंद गॅरेजात इंजिन चालवू नये. त्याचा धूर प्राणघातक असतो. आणि नळीत हिम अडकले तर हात कदापि घालू नये. इंजिन बंद करून, पाती थांबल्यावर काठीनेच ते काढावे. इंजिन बंद असले तरी अडकलेल्या पात्यात ताण उरलेला असतो. अडथळा सुटताच ते फिरते आणि बोटे जातात.

परदेशी मुलांना पत्र लिहिताना, किंवा फोनवर बोलताना, स्वेटर घाल म्हणून आपण सांगतोच. त्याबरोबर या काठीचीही आठवण द्यावी. खिळा दोनदा विकत मिळतो, बोट मिळत नाही.