गोंगाट कोणाला म्हणावे?

विसर्जनाच्या मिरवणुकीत हलगी कडाडली की आपले पाय ठेका धरतात. परगावचा पाहुणा मात्र कानात बोटे घालतो. मग गोंगाट कोठे संपतो आणि संगीत कोठे सुरू होते?

इटालियन चित्रकार लुइजी रुसोलो याने १९१३ साली 'गोंगाटाची कला' हा जाहीरनामाच काढला. यंत्रयुगाच्या संगीतात यंत्रांचे नादही हवेत, हे त्याचे म्हणणे. घरघर, खडखडाट काढणाऱ्या पेट्या त्याने बनविल्या. १९१४ मध्ये मिलानच्या नाट्यगृहात त्या वाजल्या, तेव्हा श्रोत्यांनीच अधिक गोंगाट केला! पुढे हे वारे भारतातही आले. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाईंसारख्या भारतीय कलावंतांनी तेथे नव्या नादांचे प्रयोग केले.

असा मोकळा कान आपल्या मातीतही जन्मला. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कन्नड घरात जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व. क्षयामुळे गाणे बंद. देवासला अंथरुणावर पडून ते माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. इतरांनी ज्या धुना कानाआड केल्या, त्यांतूनच त्यांनी नवे राग घडविले.

न कळणारी भाषाही प्रथम गोंगाटच वाटते. आपली 'हलगी' कन्नडमध्ये 'हलगे' होते; ठेका तोच. मराठी शाळा टिकावी म्हणून आपण झगडतो, ते योग्यच. पण म्हणून मुलांना शेजारच्या कन्नड पदाला कान बंद करायला शिकवू नये. ज्याचा कान मिटला, त्याचे गाणेही खुंटते.